बनियन घालायचा की सोडायचा? आणि घालायचा तर कोणता?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय ३१, हिंजवडीला नोकरी, आठवड्यातून चार दिवस ऑफिसला जावं लागतं. लहानपणापासून शर्टाच्या आत सँडो बनियन घालतो, घरात तशीच शिस्त होती. आता बायको म्हणते पांढऱ्या शर्टातून पट्टे दिसतात. ऑफिसातली बरीच मुलं घालतच नाहीत. वडील म्हणतात, बनियनशिवाय शर्ट घालणं म्हणजे अर्धवट कपडे घालणं. मला घाम भरपूर येतो. नेमकं काय करू?"

मी शर्ट शिवतो आणि दुकानात एक कपाट होजिअरीचंही आहे. जो बनियन घालत नाही त्याचे शर्ट लवकर जातात, जो घालतो तो बनियन घ्यायला येतो. धंदा दोन्हीकडून होतो, तेव्हा तुमच्या घरातल्या ह्या भांडणात मला कुणाची बाजू घ्यायचं कारण नाही.

आधी उत्तर, मग कारणं. तुमच्यासारख्या घाम येणाऱ्या माणसाने ऑफिसच्या फिकट रंगाच्या, पातळ सुती शर्टाच्या आत बनियन घालावा, पण सँडो नको, बाह्यांचा घालावा. लिनन, खादी, गडद रंगाचा जाड शर्ट किंवा टी-शर्ट असेल त्या दिवशी खुशाल सोडून द्यावा. आणि सँडो घालूनच वर्षं काढायची असतील तर शर्टाच्या बाबतीत तो घातला काय नि न घातला काय, फारसा फरक नाही.

वडिलांना जुनाट म्हणून मोडीत काढू नका. त्यांच्या काळात त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. सत्तर-ऐंशीच्या दशकात टेरिलीन (म्हणजे पॉलिस्टर) आणि टेरिकॉट (पॉलिस्टर आणि सुताचं मिश्रण) ह्या कापडांचं राज्य होतं. रात्री धुवावा, सकाळी घालावा, इस्त्री मोडत नाही, कापड वर्षानुवर्षं फाटत नाही. मास्तर, कारकून, बँकेतले लोक, सगळ्यांच्या अंगावर तेच. पण पॉलिस्टरचा धागा पाणी पीत नाही. साध्या हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा धरून असतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. घाम शर्टात मुरायचाच नाही, पाठीवरून ओघळून थेट पँटच्या पट्ट्यात. शिवाय ते पांढरं टेरिकॉट इतकं पातळ असायचं की आतलं सगळं दिसायचं. अशा शर्टाच्या आत सुती काहीतरी घालणं ही गरजच होती, सभ्यतेची आणि अंगाचीही.

दुसरं कारण पैशाचं. शर्ट मोजके असायचे. एक शर्ट दोन दिवस चालवायचा आणि बनियन रोजचा रोज बदलायचा. अंघोळ झाली की त्याच बादलीत बनियन खळबळायचा, पिळायचा आणि दांडीवर टाकायचा. घरातल्या बहुतेक पुरुषांचं आयुष्यातलं तेवढंच धुणं! शर्टाला दोन दिवस अंगाचा वास लागत नसे तो ह्या व्यवस्थेमुळे.

तुमचा शर्ट आज एकदा घातला की मशीनमध्ये जातो. कापड सुती किंवा सुतीमिश्रित असतं. म्हणजे वडिलांची दोन्ही कारणं बरीचशी संपली. तरी मी तुम्हाला घाला म्हणतोय ते तिसऱ्याच कारणासाठी, आणि ते कारण काखेत आहे.

पूर्वी दुरुस्तीला शर्ट यायचे ते कॉलरीचे. घडीवर झिजलेली कॉलर उसवून उलटी करून दिली की शर्ट आणखी दोन वर्षं चालायचा. आता असा शर्ट क्वचित येतो. येतो तो काखेत गेलेला. छाती, पाठ, कफ अगदी नवे कोरे आणि मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडतात त्या शिवणीखाली तळहाताएवढा पिवळट डाग. शर्ट उलटा करून त्यावर बोट फिरवलं की कापड वाळलेल्या पापडासारखं कडक लागतं. शिवण उसवायला घेतली तर टाका निघायच्या आधी कापडच चिरतं. असा शर्ट दुरुस्त होत नाही. आतून पट्टी लावता येते, पण आकाशी किंवा पांढऱ्या रंगावर ती ठिगळच दिसते, आणि दोन-अडीच हजारांच्या शर्टाला ठिगळ लावून ऑफिसला कोण जाणार?

गिऱ्हाईक म्हणतं, "घामाने गेला." नुसत्या घामाने असं होत नाही. अंगावर २० ते ४० लाख घामाच्या ग्रंथी असतात आणि त्यांतल्या बहुतेकींचा घाम म्हणजे पाणी आणि थोडं मीठ. ते पहिल्या धुण्यात निघून जातं. काखेतल्या काही ग्रंथी मात्र वेगळ्या. त्या वयात आल्यावर जाग्या होतात आणि त्यांच्या घामात प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ असतात. हा घाम बाहेर पडतो तेव्हा त्यालाही वास नसतो, कातडीवरचे जिवाणू त्याच्यावर पोसतात तेव्हा वास सुटतो. तो वास नको म्हणून आपण रोल-ऑन लावतो. त्यातले बरेचसे घामच अडवणारे असतात आणि घाम अडवायचं काम त्यातले ॲल्युमिनियमचे क्षार करतात. हे क्षार, घामातली प्रथिनं आणि तेलकटपणा मिळून धाग्यात घट्ट बसतात. वर गरम इस्त्री फिरली की डाग पक्का. नुसत्या सुगंधी स्प्रेमध्ये मुख्यतः अत्तर आणि अल्कोहोल असतं, तो शर्टाला एवढा छळत नाही.

तुमच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. ॲल्युमिनियम असेल तर लावल्या लावल्या शर्ट चढवू नका, दोन-चार मिनिटं हात वर करून पंख्याखाली उभे राहा. बावळटासारखं दिसतं, पण शर्ट वाचतो.

आता सँडो ह्या सगळ्यात काय करतो ते बघा. अंगात घालून आरशासमोर हात वर करा. त्याचा मुंढा काखेच्या चांगला तीन-चार बोटं खाली कापलेला असतो. म्हणजे जिथे डाग पडायचा नेमक्या त्याच जागी शर्टाचं कापड थेट कातडीला लागतं आणि जिथे शर्टाचं काहीच बिघडत नाही त्या छाती-पोटावर कापडाचे दोन थर. इतकी वर्षं सँडो घालूनही तुमचे शर्ट काखेतच गेले असणार. कपाट उघडून बघा.

सँडो अगदीच बिनकामाचा आहे असं मी म्हणत नाही. पाठीचा घाम टिपतो, शर्ट पाठीला चिकटू देत नाही, पातळ शर्टातून छातीवरचे केस दिसू देत नाही. ढगळ सदरा घालून दिवसभर बाहेर फिरणाऱ्याला, घरी आल्यावर शर्ट काढून नुसत्या बनियनवर बसणाऱ्याला तो सोयीचा आहे. ज्याला एवढंच हवं त्याने घालावा. चांगल्या शर्टाची राखण मात्र त्याच्याकडून होत नाही.

दुकानात मागताना एक लक्षात ठेवा. खोक्यावर 'आरएन' लिहिलेलं असेल तर गोल गळ्याचा, बिनबाह्यांचा. 'आरएनएस' म्हणजे गोल गळा, बाह्यांसकट. दुकानदार सवयीने पहिलाच काढून देतो कारण तोच जास्त खपतो. तुम्ही 'बाह्यांचा' म्हणून सांगा. शर्टाचं वरचं बटण उघडं ठेवत असाल तर व्ही गळ्याचा घ्या. कॉलरीच्या फटीतून डोकावणारा गोल गळा माझ्या डोळ्यांना तरी सँडोच्या पट्ट्यांपेक्षा वाईट दिसतो.

पट्टे दिसतात ही वहिनींची तक्रार रास्त आहे, पण दोष बनियनचा कमी आणि पांढऱ्या रंगाचा जास्त. पांढऱ्या शर्टाखाली पांढराच बनियन घालायचा हा समज घट्ट बसलेला आहे. प्रत्यक्षात पातळ पांढऱ्या कापडातून उजेड आत जातो. जिथे बनियन आहे तिथे तो पांढऱ्यावरून परततो, जिथे नाही तिथे गव्हाळ-सावळ्या कातडीवरून. ह्या दोन्हींतला फरक म्हणजे तो पाठीवरचा इंग्रजी 'यू'. बनियनचा रंग कातडीच्या जवळचा असला की ती रेघच नाहीशी होते. बिस्किट, फिकट तपकिरी, मध्यम राखाडी हे रंग पांढऱ्या शर्टाखाली जवळजवळ दिसत नाहीत. विश्वास बसत नसेल तर दुकानात शर्टाचं एक पातळ कापड मागून घ्या, खाली तळहात ठेवा, तळहाताच्या अर्ध्या भागावर पांढरा आणि अर्ध्या भागावर राखाडी बनियन ठेवा, आणि कुठला दिसतो ते बघा. मी गिऱ्हाइकाला तोंडाने सांगत बसत नाही, हेच करून दाखवतो. बऱ्याच जणांचा चेहरा बघण्यासारखा होतो आणि तरीही त्यातले निम्मे पांढराच घेऊन जातात. सवय!

बाह्यांचा बनियन अर्ध्या बाहीच्या शर्टात घालणार असाल तर बनियनची बाही शर्टाच्या बाहीत किमान दोन इंच आत राहिली पाहिजे. नाहीतर हात वर केला की डोकावते. लांबी इतकी हवी की खाली वाकून बुटाची नाडी बांधली तरी पँटमधून सुटून वर येऊ नये. आखूड बनियन दिवसभर पोटावर गोळा होत राहतो आणि माणूस दिवसभर पँटमध्ये हात घालून तो खाली ओढत राहतो.

हवेचा प्रश्न वेगळा, आणि इथे माझं उत्तर गावागणिक बदलतं. घाम येण्याने अंग थंड होत नाही, घाम वाळण्याने होतं. एक लिटर घाम अंगावरून पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. जो ओघळून जमिनीवर पडला किंवा बनियनमध्ये नुसता साचून राहिला तो ह्या हिशेबात वाया.

नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, पण हवा कोरडी ठणठणीत. तिथे भिजलेला सुती बनियन वाळतोही लगेच, वाळताना अंग गार करतो आणि उन्हाची झळ थोडी अडवतो. तिथली जुनी माणसं आत सुती बंडी, वर सैल सदरा घालतात ते उगाच नाही. मुंबई, रत्नागिरी, पणजीला पारा ३३-३४ च असतो, पण हवेतच पाणी भरलेलं. घाम वाळायला जागा नाही. बोरिवलीला चढलेला माणूस चर्चगेटला उतरतो तेव्हा बनियन पिळून काढण्यासारखा झालेला असतो, आणि तोच ओला थर अंगाला चिकटवून तो एसीत आठ तास बसतो. मुंबईकराला माझा सल्ला असा की प्रवासात बनियन घालायचा असेल तर एक जादा बॅगेत ठेवा आणि ऑफिसात पोचल्यावर बदला. ते जमणार नसेल तर कोकणपट्टीच्या उन्हाळ्यात बनियन सोडून सैल सुती शर्ट घालणं बरं. शर्ट लवकर जाईल, जाऊ दे.

तुमचं पुणं ह्या दोन्हींच्या मध्ये. मार्च-एप्रिलची दुपार कोरडी, जून-जुलै दमट. तुम्ही दुचाकीवरून जात असाल तर हिंजवडीच्या सिग्नलवर जॅकेटच्या आत काय होतं ते मी सांगायला नको. जादा बनियनची युक्ती तुम्हालाही लागू. बनियनची किंमत शर्टाच्या मानाने काहीच नाही आणि बदलायला ऑफिसच्या बाथरूममध्ये दोन मिनिटं पुरतात.

बदलायचा आग्रह नुसता आरामासाठी नाही. गेल्या काही वर्षांत गजकर्ण, नायटा ह्यांनी देशभर उच्छाद मांडला आहे आणि तो लवकर हटत नाही असं त्वचेचे डॉक्टर सांगतात. ओलं, घट्ट, हवा न लागणारं कापड ही त्या बुरशीची आवडती जागा. जांघ, काख आणि मुख्य म्हणजे कंबर, जिथे बनियनचं ओलं टोक पँटमध्ये खोचलेलं असतं आणि वरून पट्टा आवळलेला. तिथे खाज सुटून गोल चट्टा उठला तर बनियन दिवसातून दोनदा बदला, तो घरच्यांच्या कपड्यांत न टाकता वेगळा गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात वाळवा आणि डॉक्टरकडे जा. मेडिकलवाल्याकडून मिळणाऱ्या मिश्र मलमात स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं आणि मग चट्टा पसरतो. हे माझं क्षेत्र नाही, पण माप घेताना लोकांच्या कमरा-काखा मला दिसतात, म्हणून बोललो. लहान मुलांना घामोळं उठतं तेव्हाही घरातल्या बायका आत बनियन घालतात. तेव्हा एकच सैल सुती झबलं किंवा उघडं अंग बरं. घामोळं म्हणजे घामाच्या वाटाच बुजलेल्या असतात, त्यांच्यावर आणखी एक थर कशाला?

कापड कोणतं घ्यावं? आपल्याकडच्या बाजारातला माल मुख्यतः तिरुपूर आणि कोलकात्याचा. ब्रँड कुठलाही घ्या, तीन गोष्टी बघा. विणकाम साधं, सपाट जर्सीचं हवं. उभ्या रेघांचं रिब थंडीत छान असतं पण जाड असतं, अंगाला आवळतं आणि तलम शर्टातून त्याच्या रेघा उमटतात. सूत 'कोम्ब्ड', म्हणजे विंचरलेलं असेल तर आखूड तंतू काढून टाकलेले असतात, कापड मऊ राहतं आणि त्यावर गोळे कमी येतात. आणि गळ्याची पट्टी ताणून सोडून बघा. लगेच जागेवर यायला हवी. जी दुकानातच लोंबते ती तीन धुण्यांत जानव्यासारखी लोंबणार.

हल्ली मोडालचे बनियन आले आहेत. लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा, सुतापेक्षा जास्त ओलावा पितो, मऊ आणि तलम असतो, शर्टाखाली गोळा होत नाही. महाग असतो, पण ज्याला रोज फॉर्मल शर्ट घालून बसायचं आहे त्याने दोन घेऊन बघावेत. 'ड्राय' लिहिलेले पॉलिस्टरचे बनियन व्यायामासाठी ठीक. तिथे घाम पसरून वाळायला वारा असतो. ऑफिसात वरून शर्ट घातला की तो वारा लागत नाही, आणि पॉलिस्टर काखेतला तेलकट वास धरून ठेवतो तो धुतल्यावरही पुरता जात नाही. 'बारा तास ताजेतवाने' वगैरे खोक्यावर लिहिलेलं असतं, ते खोक्यावरच राहू द्या.

माप सेंटिमीटरमध्ये असतं: ८०, ८५, ९०, ९५, १००. ते छातीचं. छाती ३६ इंच असेल तर साधारण ९० चा, ३८ ला ९५ चा. सुती होजिअरी पहिल्या एक-दोन धुण्यांत आटते, लांबीत जास्त. म्हणून मापं दोन नंबरांच्या मध्ये पडत असतील तर मोठा घ्या. पण त्याहून मोठा घेऊ नका. बनियन अंगाबरोबर बसला तरच घाम टिपतो आणि शर्टाखाली चुण्या पडत नाहीत. सैल बनियनवर स्लिम फिट शर्ट घातलेला माणूस आतून फुगलेला दिसतो.

धुण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण चांगले बनियन आणि चांगले शर्ट लोक धुण्यातच मारतात. काखेत पिवळं दिसलं की घरात पहिलं काय होतं? ब्लीचचं टोपण उघडलं जातं. क्लोरिनचं ब्लीच घामाच्या प्रथिनांवर पडलं की डाग उलट आणखी पिवळा होतो. कापडात लायक्रा, म्हणजे ताणला जाणारा धागा असेल तर तीही मरते, बनियन लोंबायला लागतो. त्याऐवजी डाग ताजा असेल तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून काखेचा भाग अर्धा तास भिजवा. आम्लाने ते क्षार सुटतात. लिंबाचा रसही चालतो. मग नेहमीसारखं धुवा. जुना डाग असेल आणि कापड पांढरं असेल तर मेडिकलमध्ये मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या, त्यात तेवढंच पाणी आणि दोन चमचे खायचा सोडा घाला, जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने चोळा, अर्धा तास ठेवा, भरपूर पाण्यात काढा. रंगीत कापडावर हे करू नका, रंग उडतो. एका वेळी एकच उपाय करा. व्हिनेगर आणि ब्लीच तर चुकूनही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो आणि बाथरूम छोटी असते. डाग निघाल्याची खात्री होईपर्यंत इस्त्री फिरवायची नाही.

कंडिशनर, म्हणजे कपडे मऊ करणारं ते निळं-गुलाबी औषध, बनियनला लावू नका. ते धाग्यावर पातळ थर चढवतं आणि धागा पाणी प्यायचं कमी करतो. बनियन ठीक आहे का हे बघायचं तर त्यावर पाण्याचा एक थेंब टाका. लगेच मुरला तर काम करतोय. थेंब वर गोल बसून राहिला तर त्यावर कंडिशनर किंवा कारखान्याचं फिनिश आहे. नुसत्या गरम पाण्यात एकदा धुऊन काढा.

आणि टाकून कधी द्यायचा? गळा लोंबला किंवा काखेत विरला की. मध्यमवर्गीय घरात बनियनला तीन जन्म असतात: अंगात, मग घरात घालायला, मग गाडी पुसायला. माझी हरकत नाही, फक्त दुसऱ्या जन्मातला बनियन ऑफिसच्या शर्टाखाली घालू नका.

सोडून कधी द्यावा तेही सांगतो. लिनन आणि खादी मुळातच जाडसर, मोकळ्या विणीची, हवा खेळणारी. त्यांच्या आत बनियन म्हणजे पंखा लावून खिडकी बंद करणं. पोलो किंवा टी-शर्ट हाच मुळात बनियनच्या जातीचा कपडा, त्याच्या आत दुसरा घालणं मला हास्यास्पद वाटतं, मुलं थंडीत घालतात ती गोष्ट निराळी. गडद निळा, काळा, चौकड्यांचा ऑक्सफर्ड किंवा ट्विल शर्ट, एसीतलं काम आणि घाम बेताचा, तर गरज नाही.

उलट एका ठिकाणी मी हट्टच धरतो. लग्नात शेरवानी, जोधपुरी, रेशमी कुर्ता, भाड्याचा सूट. ह्यांचं अस्तर बहुतेक वेळा पॉलिस्टरचं असतं आणि कपडा धुता येत नाही, ड्रायक्लीनच होतो. रेशमावर घामाचा डाग एकदा पडला की रंगच बदलतो, त्याला इलाज नाही. मे महिन्याच्या मुहूर्तावर मांडवात, होमासमोर, वर कॅमेऱ्याच्या दिव्यांखाली नवरदेव काय घाम गाळतो! आत बाह्यांचा सुती बनियन हवाच, आणि भाड्याच्या शेरवानीत तर तुमच्या आधी किती नवरदेव होऊन गेले हे आठवून घालावा. लखनवी चिकनच्या पांढऱ्या कुर्त्यालाही आत काहीतरी हवं. त्याच्या आत बाया-माणसं सगळेच पांढरं घालतात आणि नक्षीऐवजी आतल्या कपड्याची कड दिसते. बायकांच्या स्लिपला, शमीजला तोच कातडीच्या रंगाचा नियम.

वडिलांसाठी एक सुचवतो. छातीवर खिसा असलेला सुती बनियन अजून मिळतो. औषधाची पट्टी, रेल्वेचं तिकीट, पाचशेच्या दोन नोटा आत ठेवून वर शर्ट घालणारे ज्येष्ठ लोक माझ्याकडे तो मुद्दाम शोधत येतात. त्यांना घेऊन द्या. निदान बनियनवरून तुमच्या घरात पुन्हा वाद होणार नाही.

तुम्ही आता लगेच डझनभर खरेदी करू नका. बाह्यांचे दोन घ्या, एक राखाडी आणि एक बिस्किट रंगाचा, व्ही गळ्याचे. पंधरा दिवस फिकट शर्टांखाली घालून बघा. संध्याकाळी शर्ट काढल्यावर त्याच्या काखेत हात लावा, कोरडा आहे का ते कळेल. पटलं तर आणखी घ्या. आणि पुढचा शर्ट शिवायला जाल तेव्हा रोज आत जे घालणार आहात ते घालूनच माप द्या. बनियनवर घेतलेलं माप आणि उघड्या छातीवर घेतलेलं माप ह्यांत अर्ध्या-पाऊण इंचाचा फरक सहज पडतो, आणि मुंढा तंग झालेला शर्ट काखेत दुप्पट वेगाने जातो. तयार शर्ट घेताना ट्रायल रूममध्येही तेच. बनियन काढून घालून बघायचा नाही.